चाकाची पाठ

घनसावंगी तालुक्यात गाडीचं चाक एका जन्मात सुटत नाही. जीपखालून निघालेली डिस्क पाण्याच्या टाकीच्या गाड्याला लागते, तिथून बैलगाडीला. टायर गेला तरी नुसती रिम गोठ्यात कशाला ना कशाला कामी येते. गंजून चाळण झाली की भंगारवाल्याच्या टेम्पोत बसून तिची शेवटची वाट जालन्याची. ‘जालना सोने का पालना’ असं जुने लोक म्हणत. आज त्या शहराची ओळख पोलादाची आहे. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांमध्ये ठिकठिकाणचं भंगार वितळतं आणि घरांच्या स्लॅबसाठी सळई होऊन बाहेर पडतं.

या वाटेवर चाकाला एकच प्रश्न विचारला जातो: किती किलो? लोखंडी डिस्कसाठी तो प्रश्न बरोबरच आहे. पण त्याच ढिगात कधीतरी एक वेगळं चाक येतं. कंपनीनं गाडीसोबत न दिलेलं, मालकानं हौसेनं बाहेरून आणून बसवलेलं. गाडी विकताना त्यानं मूळ डिस्क परत चढवल्या आणि ही चार चाकं माळ्यावर ठेवली. पुढं घराची वाटणी झाली, माळा रिकामा झाला. काटा या चाकाचंही वजन बिनचूक सांगतो, फक्त त्याची किंमत सांगत नाही. ती चाकाच्या पाठीवर लिहिलेली असते, आणि पाठ वाचायची तर आधी चाक उलटं करावं लागतं.

आपल्याकडं अशा चाकाला ‘मॅकव्हील’ म्हणतात. मूळ शब्द मॅगव्हील. मॅग म्हणजे मॅग्नेशियम. शर्यतीच्या गाड्यांना वजन नको असतं, म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत टेड हॅलिब्रँड यांनी मॅग्नेशियमची चाकं ओतली. 1960च्या दशकात इंग्लंडमध्ये छोट्या मिनी गाडीसाठी ‘मिनिलाइट’ आलं, तेही सुरुवातीला मॅग्नेशियमचंच. अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव चाकाचा मान त्याहून जुना आहे. बुगाटीची टाइप 35 ही गाडी 1924 साली लिऑनच्या शर्यतीत उतरली, तेव्हा तिची चाकं अ‍ॅल्युमिनियमची होती. पुढं रस्त्यावरच्या गाड्यांसाठी सगळ्यांनी अ‍ॅल्युमिनियम धरलं, कारण मॅग्नेशियम दमट हवेत लवकर खराब होतं. नाव मात्र मॅगचंच राहिलं. त्यामुळं घनसावंगीत सापडलेलं ‘मॅकव्हील’ शंभरात नव्याण्णव वेळा अ‍ॅल्युमिनियमचं असणार. शंभराव्याची गोष्ट पुढं येईल.

चाक उलटं केलं की पहिल्यांदा दिसतो तो ब्रेकच्या धुळीचा काळा थर. तो खरवडू नये. रॉकेलचं फडकं आणि दात घासायचा जुना ब्रश पुरे. अक्षरं पुसट असतील तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी घासावी. लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसंच. मग आऱ्यांच्या पाठीवर किंवा मधल्या गड्ड्याभोवती असं काही उमटतं: 6जे × 14 एच2 ईटी38. खरं तर ही रोमन अक्षरं असतात, पण वाचायची अशीच.

6 म्हणजे रुंदी आणि 14 म्हणजे व्यास, दोन्ही इंचांत. इथं पहिली चूक होते. पट्टी लावली की चाक सात इंच भरतं आणि व्यास साडेपंधराच्या आसपास येतो. मग माणूस ‘पंधराची रिम’ म्हणून विकतो आणि घेणाऱ्याचा टायर बसत नाही. टायरची कडा रिमच्या आत जिथं टेकते, तिथलं माप खरं. बाहेरची उभी कड त्यात धरत नाहीत. ‘जे’ हा त्या कडेच्या आकाराचा प्रकार. ‘एच2’ म्हणजे टायर वळणावर घसरून आत पडू नये म्हणून केलेले दोन बारीक उंचवटे, म्हणजे चाक ट्यूबलेस टायरसाठी केलेलं आहे.

ईटी हे जर्मन शब्दाचं लघुरूप, आणि तीच गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षिली जाते. चाकाच्या रुंदीची मधली रेषा धरा. हबला टेकणारा सपाट भाग त्या रेषेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, तो हा आकडा. मोठा आकडा असेल तर चाक मडगार्डच्या आत बसतं, लहान असेल तर बाहेर येतं. आकडा पुसला असेल तर घरी काढता येतो. चाक पालथं ठेवावं, मागच्या कडेवर सरळ पट्टी आडवी टाकावी आणि पट्टीपासून हबच्या जागेपर्यंतची खोली मोजावी. समजा ती 127 मिलिमीटर भरली. सहा इंची चाकाची कड ते कड रुंदी साधारण 178, तिचे निम्मे 89. 127 मधून 89 गेले, राहिले 38. हाच ईटी.

नंतर बोल्टची भोकं. ती ज्या वर्तुळावर बसवलेली असतात त्याच्या व्यासाला गॅरेजमध्ये ‘पीसीडी’ म्हणतात. चार भोकं असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजलं की झालं. पाच भोकांना समोर भोकच नसतं, म्हणून शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर घेऊन त्याला 1.701 ने गुणायचं. 114.3 असा विचित्र दशांश आला की घाबरू नये, तो साडेचार इंच आहे. 139.7 म्हणजे साडेपाच इंच. जुनी मारुती 800 म्हणजे चार भोकं 114.3 वर आणि बारा इंची रिम. स्विफ्ट, सँट्रो, इंडिका, होंडा सिटी या सगळ्या चार भोकं 100 वर. इनोव्हा पाच भोकं 114.3 वर. जिप्सी, जुनी महिंद्रा जीप, बोलेरो पाच भोकं 139.7 वर. फॉर्च्युनर सहा. म्हणजे गाडीचा काही पत्ता नसला, तरी भोकांवरून घराणं कळतं.

यात एक जागा धोक्याची आहे. फियाटच्या युनो आणि पालिओची चार भोकं 98 वर असतात. 98 आणि 100 हा फरक डोळ्याला दिसत नाही. नट जोर लावला की बसतोही, पण तो तिरका बसतो आणि रस्त्यावर हळूहळू सैल होत जातो. मोजताना इथं घाई केली तर दुसऱ्याच्या जिवाशी गाठ आहे. कुणीतरी भोकं घासून लांबट केली आहेत, किंवा जुनी बुजवून शेजारी नवी पाडली आहेत, असं दिसलं तर ते चाक किलोवर घालावं, विकू नये. नट जिथं टेकतो ती जागाही बघावी. कुठं ती गाळणीसारखी उतरती असते, कुठं वाटीसारखी गोल, कुठं सपाट. चाक विकताना त्याच्या जोडीचे नट सोबत देणं हा अर्धा व्यवहार आहे, आणि नेमके तेच आधी हरवतात.

मापांनंतर वाचायची ती जन्माची खूण. ‘जेडब्ल्यूएल’ ही जपानच्या हलक्या धातूच्या चाकांच्या मानकाची मुद्रा. बस-ट्रकच्या चाकावर तिच्यापुढं टी असतो. ही मुद्रा निर्माता स्वतः तपासून लावतो. ‘व्हीआयए’ ही खूण त्रयस्थ संस्थेच्या तपासणीची, म्हणून दोन्ही एकत्र असतील तर भरवसा वाढतो. पण खूण साच्यात कोरायला कुणाला बंदी करता येत नाही, आणि नकली चाकांवर ती सर्रास दिसते. जर्मनीच्या चाकावर ‘केबीए’ आणि पुढं पाच आकडे असतात. तो तिथल्या सरकारी वाहन कार्यालयाचा मंजुरी क्रमांक, आणि त्यावरून चाकाचा पुरा वंश शोधता येतो. ‘मेड इन वेस्ट जर्मनी’ असं लिहिलेलं असेल तर तारीख शोधायची गरजच नाही: ऑक्टोबर 1990 मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या, चाक त्याच्या आधीचं. आपल्याकडच्या चाकांसाठी एआयएस-073 हे मानक काढलं गेलं.

बऱ्याच चाकांवर एक लहानसं घड्याळ असतं. गोलाच्या मध्ये सालाचे शेवटचे दोन आकडे, भोवती बारा महिने आणि एखादा बाण किंवा ठिपके. ओतकामाची तारीख ती. मला ही खूण सगळ्यात जवळची वाटते. नाव खोटं असू शकतं, रंग तर मागच्या महिन्यातलाही असू शकतो, पण ज्या महिन्यात तो साचा भरला तो महिना तिथं उठलेला असतो. चारही चाकांची घड्याळं एकाच हंगामातली असतील तर संच मूळचा. तीन 94 ची आणि एक 2003 चं असेल तर मधे एक चाक फुटलं आणि बदललं, असा इतिहास आपोआप कळतो.

आता शंभरावं चाक. पहिली परीक्षा चुंबकाची: चिकटला तर लोखंड, नाही तर अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम. या दोघांत फरक करायला गोठ्याजवळचा हौद आणि लटकणारा स्प्रिंगकाटा पुरतो. चाक आधी हवेत तोलायचं, मग तसंच लटकवून पूर्ण पाण्यात बुडवून तोलायचं. हवेतलं वजन भागिले पाण्यात कमी झालेलं वजन, हा भागाकार 2.7 च्या जवळ आला तर अ‍ॅल्युमिनियम, 1.8 च्या जवळ आला तर मॅग्नेशियम. सहा किलोचं अ‍ॅल्युमिनियमचं चाक पाण्यात सव्वादोन किलोनं हलकं होतं, मॅग्नेशियमचं जवळजवळ तीन किलो तीनशे ग्रॅमनं. घरच्या तपासणीला इतका फरक भरपूर झाला. शंका राहिली तर पाठीवरचा नखाएवढा भाग चकचकीत करून व्हिनेगरचा थेंब टाकावा. मॅग्नेशियमवर तो लगेच फसफसतो. चाक मॅग्नेशियमचं निघालं तर ग्राइंडर लावू नये. त्याचा भुगा पेट घेतो, आणि त्या आगीवर पाणी टाकलं तर ती भडकते. अ‍ॅल्युमिनियम वितळवणाऱ्याकडं ते न सांगता देणं हा गुन्ह्याइतका मोठा निष्काळजीपणा आहे.

नावांच्या बाबतीत थोडंसंच सांगतो, कारण हा महासागर आहे. ‘बीबीएस’ ही तीन अक्षरं बाउमगार्टनर, ब्रांड या दोन संस्थापकांची आणि शिल्टाख या त्यांच्या गावाची; साल 1970. त्यांचं आरएस हे चाक 1983 चं, तुकड्यांत जोडलेलं, जाळीदार. त्यावरचा तीन आकडी क्रमांक माप सांगतो. जपानच्या हामामात्सु शहरातली एनकेई 1950 पासूनची, आणि तिची चाकं आज पुणे जिल्ह्यात शिक्रापूरलाही बनतात. म्हणून नुसतं ‘एनकेई’ वाचून जपानी माल समजू नये. कारखान्यातूनच गाडीला लागलेली तिची चाकंही आपल्या रस्त्यावर आहेत. रेज कंपनीचं टीई37 हे 1996 चं सहा आऱ्यांचं चाक. त्याच्या नावातला 37 हा आकडा त्याच्या वजनाचा: 15 इंच व्यास, 6 इंच रुंदी, वजन 3.7 किलो. ओतीव नव्हे, तापवून दाबून घडवलेलं. त्याची नक्कल जगभर होते, आणि नक्कल ओळखायला काटाच उपयोगी पडतो: त्याच मापाचं ओतीव चाक सहा-सात किलोला टेकतं. तुकड्यांच्या चाकाची नक्कलही अशीच कळते. खऱ्या चाकात कडेचे बोल्ट आरपार जातात आणि मागून दिसतात; नकलीत ती शोभेची डोकी वरून चिकटवलेली असतात.

आता विकण्याआधीची तपासणी, आणि इथं मी सवलत द्यायला तयार नाही. आपल्या रस्त्यांवर चाकाला पुढून जितका मार लागत नाही तितका आतल्या कडेला लागतो. चाक दोरीनं टांगून लाकडी मुठीनं हलकं ठोकावं. धडधाकट चाक घंटेसारखं वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. मग जुना कारखानदारी उपाय: रॉकेलचं फडकं फिरवून चाक कोरडं पुसावं आणि वर खडूची बारीक पूड भुरभुरावी. तड्यात शिरलेलं रॉकेल पुडीत वर येतं आणि केसाएवढी काळी रेघ दाखवतं. आरे जिथं रिमला मिळतात आणि बोल्टच्या भोकांभोवती, या दोन जागी नीट बघावं. शेवटी टायरवाल्याकडं बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरवून वाकलंय का ते पाहावं. वेल्डिंगचं ठिगळ असलेलं चाक भंगारच समजावं, त्याचं नाव कितीही मोठं असो. ओतीव चाकाची ताकद ओतल्यानंतर दिलेल्या तापमानाच्या संस्कारात असते आणि वेल्डिंगची उष्णता तो संस्कार पुसून टाकते.

किंमत ठरवायची ती खालून वर. सगळ्यात खाली किलोचा भाव. त्या दिवशीचा अ‍ॅल्युमिनियमचा दर विचारायचा, पण ‘मिक्स’चा नव्हे. मॅकव्हील बहुधा सात टक्के सिलिकॉन असलेल्या एकाच जातीच्या मिश्रधातूचं असतं. जागतिक भंगारबाजारात अशा चाकांना ‘ट्रोमा’ असं स्वतंत्र नाव आहे, आणि अट अशी की चाक एकसंध असावं, क्रोमचा मुलामा नसावा, शिशाची वजनं, व्हॉल्व्ह, लोखंडी तुकडे काढलेले असावेत. एवढी पंधरा मिनिटांची मेहनत केली तर तोच माल पातेल्या-पत्र्याच्या ढिगात न जाता वेगळा तोलून मागता येतो. तालुक्याच्या गावात काट्यावर उभा असणाऱ्या माणसाला हे सांगणारं कुणी नसतं, म्हणून इतक्या तपशिलानं लिहिलं.

त्याच्या वर चालत्या चाकाची किंमत. इथं नावापेक्षा गिऱ्हाईक महत्त्वाचं. चार भोकं 100 वर, 14 इंची, बिनतड्याची चाकं असतील तर छत्रपती संभाजीनगरपासून पुण्याच्या नाना पेठेपर्यंत त्यांना वापरणारा मिळतो. बारा इंची चाक कितीही देखणं असलं तरी मारुती 800 जपणाऱ्यालाच हवं असतं. चाराचा संच आणि एकटं चाक यांचा हिशेब वेगळा. एकटं चाक चौथाई किमतीचंही नसतं. ते फक्त ज्याचं एक फुटलंय त्यालाच लागतं, पण तो सापडला तर तोंडमागी किंमत देतो. मधली टोपी, म्हणजे सेंटर कॅप, चारही मूळच्या असतील तर त्या काढून पोराच्या खेळण्यात देऊ नयेत. नवा रंग तर मुळीच मारू नये. जाणकाराला रंगाखाली काय झाकलंय अशी शंका येते, आणि ती रास्त असते.

सगळ्यात वर संग्राहकाची किंमत. तिला ठरलेला भाव नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्या भागात निघणाऱ्या बहुतेक चाकांना ती लागूही होत नाही. हौशी माणसानं 1990च्या दशकात घेतलेली बरीचशी चाकं नाव नसलेल्या कारखान्यांची होती. ज्याच्या पाठीवर माप, मानक, घड्याळ यांपैकी काहीच नाही, ते किलोवर देताना हळहळ वाटू देऊ नये.

पण घनसावंगीत मला जे चाक शोधावंसं वाटतं ते माळ्यावरचं नव्हे, बैलगाडीखालचं. बाभळीच्या आऱ्यांचं, लोखंडी धाव तापवून चढवलेलं चाक काळ्या रानात चिखलात रुतायचं. मग रबरी टायरची गाडी आली आणि कंपनीच्या नावानंच ‘डनलॉप’ झाली. अंकुशनगरचा समर्थ कारखाना आणि तीर्थपुरीचं त्याचं दुसरं युनिट यांच्या वाटेवर हंगामात अशाच गाड्या ऊस वाहतात. ऊसतोडीच्या टोळ्यांमध्ये तर ‘टायर सेंटर’, ‘गाडी सेंटर’ अशी कामाची नावंच चाकावरून पडली. या गाड्यांसाठी 19 इंची खास टायर मिळतात. पण घरच्या गाडीला, टाकीच्या गाड्याला शेतकरी हाताशी असेल ते चाक लावतो, आणि हाताशी बहुधा जीपचं सोळा इंची चाक असतं.

महिंद्रांनी 1940च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जुळवायला घेतली. त्याआधी आणि नंतरही लष्कराच्या ‘डिस्पोजल’ लिलावांतून महायुद्धातल्या जीपा नागरिकांच्या हाती आल्या. त्या युद्धजीपांच्या चाकांचा एक प्रकार दोन अर्ध्या थाळ्या बोल्टांनी जोडून केलेला होता; त्याला ‘कॉम्बॅट रिम’ म्हणतात. टायर गोळीनं फुटला तरी काही अंतर चालता यावं म्हणून ही रचना. आज जुन्या जीपा मूळ रूपात उभ्या करणारे लोक जगभर हे चाक शोधतात, आणि पाठीवरच्या शिक्क्यासह मिळालं तर जपून नेतात. ते लोखंडी असल्यामुळं चुंबक त्याला चिकटतो, काट्यावर ते साध्या डिस्कसारखंच भरतं, आणि जालन्याच्या भट्टीला त्यात वेगळं काही दिसण्याचं कारण नाही. ओळख एवढीच: मधल्या पाच भोकांखेरीज त्यांच्याबाहेर गोलात आठ नटांची आणखी एक माळ.

ते आठ नट हवा भरलेली असताना कधीही सैल करू नयेत. टायरमधला दाब दोन्ही थाळ्या एकदम फेकतो आणि समोरचा माणूस वाचत नाही. आधी व्हॉल्व्हमधली पिन काढायची, टायर पूर्ण बसू द्यायचा, मगच पान्याला हात लावायचा.

बैलगाडीचं चाक उगाच कुणी काढून दाखवत नाही. ते निघतं पंक्चर झाल्यावर. तेव्हा ते पंक्चरवाल्याच्या दुकानापुढं पालथं पडलेलं असतं, बैल बाजूला सोडलेले असतात आणि ठिगळ वाळायला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात दुकानातलंच रॉकेलचं फडकं मागून मागची अक्षरं पुसून घ्यावीत, आणि टायर परत चढायच्या आत एक फोटो काढून ठेवावा.